दारू सुटली, मग काटा का अडकला?

आखाड लागला की ह्या आहाराच्या सदराला येणारी पत्रं दोन प्रकारची असतात, एक मटण किती खाल्लेलं चालेल विचारणारी आणि दुसरी "श्रावणापासून सोडायची म्हणतोय" वाली. यंदा तिसरा प्रकार निघालाय, ज्यांनी ऑलरेडी सोडलीय त्यांचा, आणि सगळ्यांचं रडगाणं जवळपास एकच, दारू सुटली, वजन उतरलं, मग मध्येच थांबलं. चार पत्रं घेतलीत. नावं छापत नाही आणि कुणी फोन करून विचारलं तरी सांगणार नाही.

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर हाय, वय ४३. ड्युटी सुटली की रोज एक क्वार्टर ठरलेली, कधी दीड, अशी बारा-पंधरा वर्षं काढली. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड टू निघालं आन् बायकोनं लेकीची शपथ घातली, मग जानेवारीत गड्ड्याची यात्रा झाली आन् सोडली, तेव्हापासून थेंब नाही. वजन ९६ होतं ते गुढीपाडव्यापर्यंत ८८ वर आलं, पॅन्टी ढिल्या झाल्या, लोक विचारायला लागले काय मालक शुगर निघाली का काय. लई भारी वाटत होतं. पण पाडव्यापासून जे ८८ वर अडकलंय ते हलेनाच झालंय, कधी साडेसत्त्याऐंशी, कधी साडेअठ्ठ्याऐंशी. भात बंद केला, रात्री भाकरी दोनच, तरी काही फरक नाही. दोस्त म्हणतेत तुझं मेटाबॉलिझम बंद पडलंय बे, आठवड्यातून एकदा घेत जा, मग बघ कसं सुरू होतंय. मी हसून सोडतो पण खरं सांगतो, काट्यावर उभा राहिलो की मनात येतंय, वजन उतरणारच नसेल तर एवढा जीव मारून उपयोग काय? बाकी काही त्रास नाही, संध्याकाळी चहा तेवढा वाढलाय आन् गोड खावंसं वाटतंय, आधी मी गोडाकडं बघत पण नव्हतो.

उत्तर : भाऊ, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुम्हीच शेवटच्या ओळीत लिहून ठेवलंय, त्याच्याकडं येते. आधी ते "उपयोग काय" बघू, कारण माझ्याकडं येणारे बरेच जण नेमके इथंच घसरतात. वजन उतरावं म्हणून तुम्ही सोडली नव्हती ना, लिव्हरसाठी सोडली होती आणि लेकीसाठी. आठ किलो उतरले ते वरकड मिळाले. मग वरकड यायचं थांबलं म्हणून मूळ व्यवहारच मोडायचा, हे काही कारखाना चालवणाऱ्या माणसाला शोभत नाही. आणि काट्याला लिव्हर दिसत नाही हो. दारूमुळं चढलेली लिव्हरची चरबी दारू पूर्ण बंद ठेवली तर काही आठवड्यांतच उतरायला लागते, रक्तातलं एसजीपीटी, जीजीटी (लिव्हरला इजा झाली की वाढतात ते आकडे) खाली येतं, बीपी उतरतं, झोप नीट लागते, आणि हे सगळं काटा ८८ वर बसलेला असताना पण चालू असतं. तेव्हा पहिलं काम, सहा महिने होत आलेत तर सोनोग्राफी आणि लिव्हर फंक्शन परत करून घ्या आणि दोन्ही रिपोर्ट जुन्याच्या शेजारी ठेवून बघा. माझा अंदाज आहे की काट्यापेक्षा तो कागद तुम्हाला जास्त खुश करेल.

आता ते आठ किलो गेले कुठून ते बघू, म्हणजे अडकलं कुठं ते आपोआप कळेल. क्वार्टर म्हणजे १८० मिली, आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये अल्कोहोल ४२.८ टक्के असतं, म्हणजे साधारण ७७ मिली, वजनात मोजलं तर ६० ग्रॅम. अल्कोहोलच्या एका ग्रॅमला ७ कॅलरी, भात-भाकरीच्या पिठुळ पदार्थाला ग्रॅममागं ४ आणि तेला-तुपाला ९, म्हणजे दारू ही जवळपास तेलाच्या पंगतीतली. ६० गुणिले ७, सव्वाचारशेच्या आसपास झाले, ते पण नुसतं पाणी घालून पीत असाल तर. त्याच्यावर चकणा. खारे शेंगदाणे, फरसाण, कधी ऑम्लेट, आणि मग साडेदहाला घरी येऊन परत जेवण, ते पण भूक कळत नसताना. चकणा आणि ते आडदांड जेवण मिळून अजून चारशे धरले तर रोजचे आठशे-सव्वाआठशे झाले, आणि एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात असा हिशोब लावतात, म्हणजे अडीच महिन्यात आठ किलो बरोब्बर बसतात. त्यात पहिल्या पंधरवड्यात थोडं पाणी पण गेलं असणार, चेहऱ्यावरची सूज उतरली असेल बघा.

अजून एक गोष्ट दारू करते जी कॅलरीच्या हिशोबात दिसत नाही. अल्कोहोल शरीराला साठवून ठेवता येत नाही, त्यामुळं ते पोटात गेलं की लिव्हर बाकीची कामं बाजूला सारून आधी तेच जाळायला घेतं, आणि त्याचा वेग ठरलेला, तासाला साधारण ८-१० ग्रॅम. म्हणजे तुमची एक क्वार्टर जाळायला सहा-सात तास, रात्री नऊची असेल तर पहाटेपर्यंत. तेवढा वेळ अंगावरची चरबी वापरायचं काम जवळजवळ थांबलेलं. आता सांगा, आठवड्यातून एकदा घेतली की मेटाबॉलिझम "सुरू होतं" म्हणणाऱ्या तुमच्या दोस्तांना काय म्हणायचं? त्यांना सोबत पाहिजे एवढाच त्याचा अर्थ. आणि पंधरा वर्षं रोज पिणाऱ्या माणसाचं "आठवड्यातून एकदा" किती दिवस एकदाच राहतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय.

मग थांबलं का? थोडं तर थांबणारच होतं. टेम्पो अर्धा रिकामा झाला की डिझेल कमी लागतं, तसं ९६ किलोचं शरीर चालवायला जेवढं लागत होतं त्यापेक्षा ८८ ला दिवसाला दीडशे-दोनशे कॅलरी कमी लागतात. पण फक्त तेवढ्यानं काटा गच्च बसत नाही. रोजच्या खाण्यापिण्यात कायमची कपात झाली तर त्याचा परिणाम सावकाश होतो, पहिल्या वर्षात साधारण निम्मं वजन उतरतं आणि राहिलेलं पुढची एक-दोन वर्षं हळूहळू उतरत राहतं. अडीच महिन्यातच काटा ठप्प झाला म्हणजे बाजूनं कुठूनतरी पोटात भर पडतेय, हे नक्की.

आणि तारीख बघा ना तुम्हीच लिहिलेली. पाडवा. पाडव्यानंतर सोलापुरात काय सुरू होतं? ऊन. एप्रिल-मेला पारा बेचाळीस-त्रेचाळीसला, कोण चालायला जाणार आणि कोण जिना चढणार, कारखान्यात पण माणूस पंख्याखालची खुर्ची सोडत नाही. सरबत, उसाचा रस, लस्सी, आमरस, लग्नसराईतल्या पंगती. तुम्ही ह्यातलं काहीच लिहिलं नाहीये पण सोलापूरचा माणूस आणि उन्हाळ्यात रस पीत नाही हे मला कुणी सांगू नये. आमरसाची वाटी परत परत भरली जाते आणि ती कुणी मोजत नाही, कारण माणूस मोजतो फक्त भाकऱ्या.

आता तुमच्या शेवटच्या ओळीवर येते. दारू सोडल्यावर गोड खावंसं वाटणं हे फार कॉमन आहे. दारूमुळं मेंदूला रोज ठरलेल्या वेळी जे बरं वाटायचं ते बंद झालं, मग तो दुसरीकडं शोधायला लागतो आणि साखर हा सगळ्यात जवळचा रस्ता. व्यसनमुक्तीत काम करणारे जुनेजाणते लोक पहिल्या महिन्यांत खिशात गोळ्या-चॉकलेट ठेवायला सांगतात आणि मी त्यांच्या बाजूची आहे, कारण पेढा खाऊन क्वार्टर टळत असेल तर पेढा खावा, त्यावर वाद नको. पण तुम्ही आता पहिल्या महिन्यात नाही. तलफ पहिल्यासारखी येत नसेल आणि पेढा तेवढा सवयीनं चालू राहिला असेल, तर आता त्याच्याकडं बघायला हरकत नाही.

एक साधं काम करा. चार दिवस, फक्त संध्याकाळी सहा ते झोपेपर्यंत, जे तोंडात जाईल ते लिहा. दिवसभराचं नको, कंटाळाल. मला काय सापडेल ते आत्ताच सांगते. तीन कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर आणि म्हशीचं दूध, झाले सव्वादोनशे-अडीचशे. रस्त्यात गरम डिस्को भजी दिसली की एक प्लेट, तीनशे सहज. आणि दोस्तांबरोबर अजून बसता असं दिसतंय, "दोस्त म्हणतेत" वरनं कळतंच की, ते पितात आणि तुम्ही कोल्ड्रिंक, अर्ध्या लिटरच्या बाटलीत पन्नास ग्रॅमच्या वर साखर असते म्हणजे दहा चमचे, दोनशे कॅलरी, आणि हात त्याच चकण्याच्या प्लेटमध्ये. ह्यातलं निम्मं जरी रोज होत असेल तरी क्वार्टरची जागा भरली. भात सोडून तुम्ही दुपारी कापलं आणि संध्याकाळी परत भरलं. दारूची ती दोन-अडीच तासांची वेळ अजून तिथंच आहे, फक्त तिच्यात बसायला दुसरी मंडळी आलीत.

म्हणून भाताशी भांडू नका, संध्याकाळ नीट लावा. ड्युटी सुटायच्या आधी, कारखान्यातच, पोटात काहीतरी भक्कम जाऊ द्या. दोन उकडलेली अंडी किंवा मूठभर फुटाणे आणि ग्लासभर ताक. दोन अंडी म्हणजे दीडशे कॅलरी आणि बारा ग्रॅम प्रोटीन, ह्याच्यावर माणूस साडेआठपर्यंत तग धरतो. रिकाम्या पोटी गेटच्या बाहेर पडलात की भज्यांचा वास पण ओढतो आणि दुसरा वास पण ओढतो, जुनी सवय भुकेच्याच वाटेनं परत येते. चहा एक, साखर एक चमचा, बाकीचे हवे तर बिनसाखरेचे लिंबाचे. आठवड्यातून दोनदा ठरवून गोड खा, जेवणानंतर, घरी, ताटात घेऊन. दोस्तांचं बसणं काही महिने बंदच ठेवा असं मी सांगेन, वजनासाठी नाही, सोडलेली टिकावी म्हणून. अगदीच जावं लागलं तर साधा सोडा आणि लिंबू.

जेवणातलं आपल्या सोलापूरचं म्हणून दोन गोष्टी बोलायला पाहिजेत, कारण पुण्या-मुंबईच्या डाएटच्या कागदावर ह्या नसतातच. एक शेंगा चटणी. उखळात कुटलेली, कडेनं तेल सुटलेली, लालभडक, ती कुणी चमच्यानं मोजून खात नाही, बोटानं जेवढी येईल तेवढी, वर थोडं दही नाहीतर तेल. एक मोठा चमचा म्हणजे ऐंशी कॅलरी, आणि एका भाकरीबरोबर तीन चमचे कधी गेले कळत नाही, म्हणजे भाकरीपेक्षा चटणीच भारी. सोडू नका, शेंगदाण्यात चांगलं प्रोटीन आहे आणि चटणी बंद केली तर आपल्याकडं जेवण झालं असं वाटतच नाही, पण ताटात एकदा चमच्यानं घ्या आणि डबा लगेच आत ठेवा. दुसरी कडक भाकरी. ती हाताला कागदासारखी हलकी लागते म्हणून माणूस तीन-चार मोडतो, आमटीत कुस्करतो, पण तिच्यातलं पाणी फक्त उडालंय, पीठ जागेवरच आहे, ग्रॅमला ग्रॅम मऊ भाकरीपेक्षा कॅलरी जास्तच. तुमच्या "रात्री दोनच भाकरी" मऊ का कडक ते तुम्ही लिहिलं नाही. माझं म्हणणं, मऊ ज्वारीच्या दोन, वाटीभर घट्ट डाळ नाहीतर उसळ, आणि कांदा-काकडी-मेथीची पेंडी शेजारी पाहिजेच. मुद्दाम सांगते, डाळ-उसळ-अंडी-दही ह्यांच्यात कपात नको, वजन उतरताना प्रोटीन कमी पडलं की चरबीबरोबर मांस पण जातं आणि मग शरीर अजून कमी जाळायला लागतं.

चालणं परत सुरू करा, आता पाऊसपाणी झालंय, हवा बरीय. सकाळी सिद्धेश्वर तलावाची बाजू, नाहीतर विजापूर रोडला संभाजी तलाव, जे जवळ पडेल ते, पण तुम्हाला मी संध्याकाळचंच सांगेन कारण तीच वेळ रिकामी करायची आहे. अर्धा-पाऊण तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. आठवड्यातून तीन दिवस उठाबशा आणि भिंतीला हात लावून दंड, जिम लावायची गरज नाही. व्यायाम नवीन सुरू केला की पहिले दोन-तीन आठवडे स्नायूत पाणी धरतं आणि काटा उलट अर्धा-एक किलो वर जातो, तेव्हा मला शिव्या देऊ नका.

काट्यावर रोज चढणं बंद. आठवड्यातून एकदा, सकाळी पोट साफ झाल्यावर, एकाच काट्यावर. आदल्या रात्री खारट खाल्लं, पापड-लोणचं-चटणी, तर किलोभर पाणी असंच दिसतं. त्यापेक्षा शिंप्याचा टेप आणा आणि बेंबीच्या रेषेत पोट मोजून महिन्याला लिहून ठेवा, आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर म्हणजे साडेपस्तीस इंचाच्या आत यावं हे टार्गेट. वजन जागेवर आणि पोट कमी, असं बऱ्याच जणांचं होतं. एवढं करून महिन्याला किलो-सव्वा किलो हललं तर उत्तम, आठ किलोचा तो पहिला वेग आता परत मिळणार नाही, तो क्वार्टरचा होता आणि क्वार्टर एकदाच सोडता येते.

महिना-दीड महिना हे नीट करून पण काहीच हललं नाही तर थायरॉइड आणि तीन महिन्यांची शुगर बघा, आणि झोपेसाठी किंवा मन शांत राहायला कुणी गोळ्या दिल्या असतील तर डॉक्टरांना विचारा, त्यातल्या काहींनी भूक आणि वजन वाढतं. स्वतःहून बंद करू नका मात्र. घोरता का आणि दिवसा डुलक्या लागतात का ते घरच्यांना विचारा, तसं असेल तर झोपेतल्या श्वासाची तपासणी पण करावी लागेल.

प्रश्न : ताई, माझं उलटं हाय. आमचे मालक पूर्व भागात मागावर कामाला, होळीला दारू सोडली. तेव्हा ५२ किलो होते, उंची साडेपाच फुटाच्या वर, नुसता सापळा. आता ६० झालेत आन् पोट पण थोडं दिसालंय. सासूबाई म्हणतेत, पीत होता तेव्हा अंगानं बरा होता, आता सुटलाय. ते पण आता काटा बघून जेवण कमी करलालेत. तंबाखूचा मावा पण वाढलाय. काय सांगू त्यांना?

उत्तर : सासूबाईंना सांगा, अंगानं बरा नव्हता, उपाशी होता. रोज पिणारा माणूस जेवत नाही, कारण दारूच्या कॅलरीनं भूक मरते, आणि जे खातो ते पण आतडं नीट घेत नाही, बी जीवनसत्त्वं तर फारच कमी पडतात. पाच फूट सहा इंच उंचीला ५२ म्हणजे कमीच आणि ६० म्हणजे अगदी बरोबर जागेवर. त्यांचं वजन वाढून थांबलं तर ती आनंदाची गोष्ट आहे, त्यांना कमी खायला लावू नका, मागावर उभं राहणाऱ्या माणसाला जेवण लागतं. पोट थोडं येणारच, वजन परत यायला लागलं की चरबी आधी पोटावर दिसते, हातापायांवर मांस यायला वेळ लागतो. डाळ, अंडी, दूध, शेंगा, भाकरी पोटभर द्या, वजन ६३-६४ ला थांबलं तरी घाबरू नका.

फक्त एक तपासून बघा, आजच. संध्याकाळी त्यांच्या नडगीच्या हाडावर, घोट्याच्या वर, अंगठा दहा सेकंद दाबून धरा आणि काढा. खड्डा तसाच राहिला, किंवा हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं तुकतुकीत ताणलेलं दिसतंय, डोळे पिवळे वाटतायत, तर ते चरबी नाही, पाणी असू शकतं, लिव्हर जास्त खराब झाल्यावर तसं होतं. मग वाट न बघता डॉक्टर. मी आहारवाली बाई, हे माझ्या हातातलं काम नाही. खड्डा पडत नसेल आणि माणूस ताजातवाना असेल तर सासूबाईंना हसून चहा द्या.

मावा मात्र हसण्यावारी नेऊ नका. दारू सोडली की हात-तोंड मोकळं होतं आणि मावा वाढतो, हे घरोघरी बघते मी. तंबाखू आणि दारू दोन्ही असले की तोंडाच्या कॅन्सरचा धोका खूप वाढतो, ह्यांनी त्यातलं एक सोडून दाखवलंय. दुसऱ्यासाठी आत्ताच मागं लागू नका, पण पुड्या मोजायला लावा, आणि तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणं असेल तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : हाय मॅम, मी २८, पुण्यात आयटीत, महिन्यातून एकदा हुतात्मा एक्स्प्रेसनं घरी येतो. फक्त शनिवारी दोन स्ट्राँग बीअर व्हायच्या, त्या दोन महिन्यांपासून बंद. वजन पाऊण किलो कमी होऊन थांबलं. एवढंच? आता नॉन अल्कोहोलिक बीअर पितो.

उत्तर : एवढंच. स्ट्राँग बीअरची ६५० मिलीची बाटली साडेतीनशे कॅलरीच्या आसपास, दोनच्या सातशे, म्हणजे एक किलोला अकरा आठवडे लागतात, तुमचं पाऊण किलो हिशोबात अगदी चोख आलंय. आठवड्यातल्या एका रात्रीचं सोडून सहा दिवसांचं पोट जाणार नाही, दिवसभर खुर्चीत आणि रात्री अकराला ॲपवरून बिर्याणी असेल तर आधी तिकडं बघा. नॉन अल्कोहोलिकच्या डब्याचं लेबल वाचा, बऱ्याच ब्रँडमध्ये साखर असते आणि काहींमध्ये अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल पण. तुम्हाला चालून जाईल, पण वरच्या पत्रातल्या भाऊंसारखी रोजची सवय सोडलेल्यांनी ती चवच नको.

प्रश्न : नमस्कार. माझा मित्र दारू सोडून आठ-दहा किलो उतरला, ते बघून मी पण ठरवलंय, गटारीला शेवटची आणि श्रावण लागला की एकदम बंद. वय ५०, रोज दीड ते दोन क्वार्टर, सकाळी पण एक नाइन्टी लागते नाहीतर हात थरथरतात. मागच्या श्रावणात तिसऱ्या दिवशी फार त्रास झाला, घाम, उलट्या, झोप नाही, भिंतीवर माणसं दिसली, म्हणून परत चालू केली. ह्यावेळी जवळच्या दवाखान्यात दोन सलाईन लावून घ्यायचा विचार आहे. डाएट सांगा.

उत्तर : दादा, डाएट नंतर. तुम्ही घरी एकदम बंद करू नका, आणि हे मी सोडू नका म्हणून सांगत नाहीये, सोडायचीच आहे. सकाळी हात थरथरतात म्हणजे शरीर दारूवर उभं आहे. अशा माणसानं एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, ताप, भलतंच दिसणं, माणसं न ओळखणं सुरू होऊ शकतं, त्यात जीव पण जातो. मागच्या वर्षी भिंतीवर माणसं दिसली ती त्यातलीच. एकदा असं झालं की पुढच्या वेळी जास्त जोरात होण्याची शक्यता असते, म्हणून गटारीला पोटभर पिऊन दुसऱ्या दिवशी शून्य, हा तुमच्यासाठी सगळ्यात वाईट प्लॅन आहे.

सलाईनचं पण ऐका. बऱ्याच वर्षांच्या पिण्यानं शरीरात बी-१ म्हणजे थायमिन संपत आलेलं असतं. अशा माणसाला आधी थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर उरलंसुरलं थायमिन पण खर्ची पडून मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून कुठल्याही डॉक्टरकडं जाल तिथं किती पिता, किती वर्षं, मागच्या वेळी काय झालं, हे लाज न बाळगता खरं सांगा, बायकोसमोर अर्धं करून सांगता तसं नको. नीट केलं तर हे अवघड नाही, डॉक्टर काही दिवस थरथर आणि फिट रोखणाऱ्या गोळ्या देतात, त्या हळूहळू कमी करत आणतात, थायमिनची इंजेक्शनं देतात, आणि तुमच्यासारख्याला बहुतेक ॲडमिटच करतात. आपल्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे, वेडाचा डॉक्टर वगैरे डोक्यातून काढा. पुण्याला जायची तयारी असेल तर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय. आणि काहीच सुचेना तर १४४४६ ला फोन लावा, सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत.

श्रावणाची वाट बघू नका, आखाडातच डॉक्टरांकडं जा, आणि भेट होईपर्यंत जेवढी चालू आहे तेवढी राहू दे, वाढवू पण नका आणि झटक्यात तोडू पण नका. ह्या दिवसांत एकटं झोपायचं नाही, गाडी चालवायची नाही, घरात कुणाला तरी हे पत्र दाखवून ठेवायचं. फिट आली, बडबड सुरू झाली तर १०८ ला फोन. वजनाचं म्हणाल तर पहिले दोन-तीन महिने काट्यावर चढायचंच नाही, पोटभर जेवायचं, भात-वरण, अंडी, ताक, गोड खावंसं वाटलं तर गोड पण. डाएटचा कागद मी दिवाळीच्या अंकात देते, तेव्हा परत लिहा.